चौथ्या गटातलं औषध

त्या रविवारी मी प्रयोगशाळेतला माझा पांढरा कोट घेऊन बाबांकडे गेले होते. खिसा उसवला होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दहा मिनिटांत करून दिला असता, पण आमच्या घरात बाहेर कपडा शिवायला देणं म्हणजे बाबांच्या तोंडावर दार आपटण्यासारखं होतं. बाबांनी चाळीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवल्या. फक्त पँटी. कुणी शर्टाचं कापड घेऊन आलं तर ते शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. "कमरेच्या वर आपलं काही चालत नाही," म्हणायचे. गिऱ्हाईक हसायचं, बाबा हसायचे नाहीत.

दुकान विकल्यावर मशीन घरी आलं आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी बसलं. बाबा रोज सकाळी नऊला त्याच्यासमोर जाऊन बसत, काम असो वा नसो. त्या दिवशी काम होतं, म्हणून खुशीत होते.

"हा उसवलेला नाही, फाडलेला आहे," कोट उलटा करत ते म्हणाले. "काय ठेवतेस यात? विटा?"

"पेनं. कात्री."

"शिंप्याची पोरगी आणि कात्री खिशात. लोकांनी पाहिलं तर म्हणतील बापाने काही शिकवलं नाही."

"लोक नसतात तिथे. उंदीर असतात."

"मग ते म्हणतील."

मी तासभर तिथे बसले होते. तेवढ्यात बाबा तीनदा उठले. तिसऱ्या वेळी उठताना त्यांनी टेबलाची कड धरली आणि क्षणभर तसेच वाकून राहिले, जमिनीवर काही सांडलंय का ते बघावं तसे. मग सावकाश बाहेर गेले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "उन्हाळी लागलीय त्यांना. पाणी पितील तर शपथ."

"तिला कशाला सांगत बसतेस," बाबांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यातून आला. पाठोपाठ मोरीचं दार लागलं.

जाताना ते मला पांढरा दोरा काढून ठेवायला सांगून गेले होते. दोरे बटणांच्या डब्यात असत. डबा उघडला तर वरच गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं होती. बाबांना काहीही टाकून देणं जमत नसे. पाकिटातल्या प्रत्येक खाचेत त्यांनी पँटीचा एकेक हूक नीट बसवून ठेवला होता. नाव वाचायचा माझा विचार नव्हता, पण छापलेलं काही हातात आलं की मी वाचतेच. मग खिडकीच्या कट्ट्यावर पाहिलं. खडूच्या तुकड्यांशेजारी तिसरं पाकीट होतं, तेच औषध, पाच पिवळ्या कॅप्सूल उरलेल्या.

ते नाव मला नवीन नव्हतं. सहा वर्षं मी ते जवळजवळ रोज लिहीत होते.

मोरीचं दार वाजलं तसं मी पाकीट होतं तसं ठेवलं. बाबा आले, खुर्चीत बसताना जरा तिरके बसले, आणि दोऱ्याचं टोक तोंडात धरून सुईत घालायला लागले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? उष्णता."

"पाणी जास्त पीत जा, बाबा."

"हो."

एवढंच बोलणं झालं. खिशाला त्यांनी दुहेरी शिवण घातली, कोपऱ्यांत टाके पक्के केले, कोट झटकून माझ्या हातात दिला. पाच वाजता मी निघाले.

मंगळवारी सकाळी आईचा फोन आला, की यांना थंडी वाजून दात वाजतायत, तीन पांघरुणं घातली तरी थांबत नाही. मी पोचले तेव्हा बाबा मला ओळखत होते, पण मला आईच्या नावाने हाक मारत होते. रुग्णालयात एका तरुण डॉक्टरणीने तपासलं, सोनोग्राफी केली, आणि मला बाजूला घेतलं. प्रोस्टेटमध्ये पू साठला होता. जंतू रक्तात उतरले होते. ती म्हणाली, "बरेच दिवस आत धुमसत असणार. आधी काही त्रास?" मी म्हणाले, "घरी विचारून सांगते." ते खरं नव्हतं. विचारायचं काही उरलं नव्हतं.

तिने चांगली औषधं दिली, योग्य ती दिली, शिरेतून दिली. पू काढला. बुधवारी रक्तदाब थोडा वर आला आणि आईने पहिल्यांदा चहा घेतला. गुरुवारी मूत्रपिंडं बंद पडली. शुक्रवारी सकाळी सव्वादहाला बाबा गेले.

इथे मला माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. घरी ते मी कधी नीट सांगितलं नाही.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. तिच्यात एकदा जंतू घुसले की त्यांना बाहेर काढणं कठीण, कारण ग्रंथीच्या आतल्या नळ्यांना पेशींचं घट्ट अस्तर असतं आणि रक्तातलं बहुतेक औषध त्या अस्तरापाशी अडतं. जे तेलात विरघळतं ते पार होतं. जे फक्त पाण्यातच विरघळतं ते बाहेर राहतं. सूज ताजी असेल तेव्हा अस्तर सैल पडतं आणि बरंच काही आत शिरतं, पण दुखणं जुनं झालं की पुन्हा सगळं बंद. आम्ही उंदरांच्या ग्रंथीत असं जुनं दुखणं मुद्दाम निर्माण करतो, त्यांना वेगवेगळी प्रतिजैविकं देतो, आणि ठरलेल्या तासाला ग्रंथी काढून, वजन करून, वाटून, तिच्यात औषध किती पोचलं ते मोजतो. उरलेला भाग ताटलीवर पसरून जंतू किती वाचले ते मोजतो.

पहिल्या तीन गटांना आत पोचणारी औषधं असतात. चौथ्या गटाला न पोचणारं, तुलनेसाठी. ते जुनं, साधं, स्वस्त औषध आहे. लघवीत खूप साठतं, तिला गडद रंग आणतं, मूत्राशय धुऊन काढतं. बाईमाणसाच्या साध्या उन्हाळीला उत्तम. त्याने जळजळ थांबते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि ग्रंथीतले जंतू महिनाभराने पुन्हा खाली उतरतात. मग पुन्हा तेच पाकीट. बाबांच्या डब्यात दोन होती आणि कट्ट्यावर तिसरं.

बारा दिवसांनी मी कामावर गेले. प्राणीघर सांभाळणाऱ्या माणसाला आम्ही सगळे सुभेदार म्हणतो, कारण तो पिंजऱ्यांसमोरून चालतो तेव्हा पाहणी करत असल्यासारखा चालतो. तो मला पाहून म्हणाला, "अजून राहायचं होतं चार दिवस घरी. उंदीर काही पळून जात नाहीत."

"मागच्या वर्षी पळाला होता की."

"एकच. आणि तो तुमच्या हातून." मग त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं. तो कधी कुणासाठी काही पुसत नाही.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी सांत्वनाचे चार शब्द बोलून तक्ता पुढे केला. चौथ्या गटातल्या दोन उंदरांच्या ग्रंथीत औषध सापडल्याची नोंद होती. सापडायला नको होतं.

"कापताना मूत्राशयाला धक्का लागला असणार," त्या म्हणाल्या. "लघवीचा एक थेंब लागला तरी आकडा फुगतो. पुन्हा करावं लागेल. तू नको करूस, दुसऱ्या कुणाला देते."

"मी करते."

"नक्की?"

"तो गट माझाच आहे."

आठवडाभर मी तो गट पुन्हा केला. आधी मूत्राशयाचं तोंड दोऱ्याने बांधायचं, मग त्याला स्पर्श न करता ग्रंथी सोडवायची, तीनदा धुवायची, टिपकागदावर ठेवायची. भिंगाखाली ती फिकट गुलाबी, ओलसर दिसते, दोन बाजूंना दोन पाकळ्या. सुभेदार शेजारी उभा राहून वेळ सांगत होता आणि मध्येच म्हणाला, "तुमचा हात आज अगदी स्थिर आहे. मला आवडलं नाही ते."

आकडे आले. आठही उंदरांच्या लघवीत औषध भरपूर, जंतू नाहीत. आठही ग्रंथींत औषध मोजता येणार नाही इतकं कमी. ताटल्यांवर जंतूंचे ठिपके इतके दाट उगवले होते, की एकमेकांना चिकटून त्यांचा साय धरल्यासारखा थर झाला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं स्वच्छ." मी तक्त्यात लिहिलं आणि खाली सही केली.

तिकडे घरी आईने दोन कॅप्सूल जपून ठेवल्या होत्या.

कॅप्सूल सकाळी एक आणि संध्याकाळी एक, सात दिवस, अशा घ्यायच्या होत्या. मधल्या शुक्रवारी संध्याकाळी ती दोघं मावशीकडे गेली, रात्री तिथेच राहिली आणि शनिवारी दुपारी परत आली. पाकीट घरीच राहिलं होतं. पिशवी आईने भरली होती. मंगळवारी बाबांना नेलं तेव्हा त्या दोन तशाच शिल्लक होत्या. आईने त्या पाकिटासकट रुमालात बांधल्या आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं हे दुःखातलं बोलणं आहे, ओसरेल. ते ओसरलं नाही. उलट त्याला आकार येत गेला. "डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही चुकवायची नाही. मी दोन चुकवल्या." आत्या आली तेव्हा ती रुमालाकडे बघून म्हणाली, "दोन गोळ्यांचीच तर गोष्ट होती, वहिनी." आई म्हणाली, "हो, दोनच." त्यानंतर तिने संध्याकाळचं जेवण सोडलं. सोडलं असं म्हणाली नाही. ताट वाढून घ्यायची आणि तसंच झाकून ठेवायची.

"आई, असं दोन गोळ्यांनी होत नसतं," मी म्हणाले.

"मग कशाने होतं?"

मी झाकलेलं ताट उघडून तिच्यापुढे सरकवलं.

"तुला मला बरं वाटावं असं वाटतं," ती म्हणाली. "मला बरं वाटून काय करायचंय?"

महिना झाला आणि एक दिवस ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मला डॉक्टरांना एकदा विचारायचंय. एकटीने गेले तर ते मला खोटं सांगतील. तुझ्यासमोर नाही सांगणार."

घरचे डॉक्टर म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचे. मला लहानपणी त्यांनीच टोचलेलं होतं. बाबांनी त्यांच्या सगळ्या पँटी शिवल्या होत्या आणि कमरेत वाढवल्याही होत्या. त्यांच्या खोलीत तोच हिरवा पडदा, तेच उंची मोजायचं लाकूड. आता त्यांची मान किंचित हलते. आईला पाहून ते उठून उभे राहिले.

आईने रुमाल सोडून पाकीट टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, मला सरळ सांगा. या दोन राहिल्या म्हणून झालं का?"

त्यांनी पाकीट हातात घेतलं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. ते वाईट माणूस नाहीत. पण सत्तर पेशंट बाहेर बसलेले असताना बाबांनी पडद्याआड काय सांगितलं असेल आणि काय सांगितलं नसेल, ते मला दिसत होतं. बाबा म्हणाले असतील, उष्णता झालीय. दुसऱ्यांदा म्हणाले असतील, तेच पुन्हा. डॉक्टरांनी तपासायला हात लावायचं म्हटलं असेल तर बाबांनीच नको म्हटलं असेल. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मांड्यांवरून टेप फिरवलेला माणूस.

"वहिनी, कोर्स अर्धवट राहिला की जंतू शिरजोर होतात, हे तर आहेच," शेवटी ते म्हणाले. "आता दोनमुळेच असं कोण छातीठोक सांगणार? पण नको होत्या राहायला." मग जबाबदारी कुठे तरी टेकवावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू औषधांतलीच ना गं? तुला ठाऊकच असेल. कोर्स पुरा व्हायला हवा. नाही का?"

आई माझ्याकडे वळली. गेल्या महिन्याभरात तिने माझ्याकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर ती पुढे विचारणार होती, तुला कसं ठाऊक. आणि मग, कधीपासून.

मी मान हलवली. हो म्हणून.

आईने पाकीट पुन्हा रुमालात बांधलं. "बरं झालं, कळलं," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिला झोपेची गोळी लिहून दिली. तिने कागद घेतला, घडी घातली, आणि नमस्कार करून निघाली.

रस्त्यावर ऊन होतं. आई माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. एरवी ती मला धरून चालते. तिची पाठ आता वेगळी दिसत होती, ताठ, शिक्षा ऐकून झालेल्या माणसाची असावी तशी. मी जन्मभर पुस्तकं वाचत आले, अपराध करून गप्प राहिलेली माणसं त्यांत भरपूर भेटली, आणि दर वेळी मी पानावरूनच त्यांच्यावर चिडले, की बोल ना आता, अजून किती पानं थांबणार. चालताना मला ते सगळं फार सोपं होतं असं वाटलं. पुस्तकात दुसऱ्या माणसाची पाठ दिसत नाही.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली, मागच्या खोलीत गेली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. मशीनवर झाकण होतं. मी तिला पाणी दिलं. तिने भांडं हातात धरून ठेवलं.

"तू आता जा आपल्या कामाला," ती म्हणाली. "माझं झालं. आता काही विचारायचं राहिलं नाही."

"जेवशील ना संध्याकाळी?"

"बघू."

"बघू नाही. जेवशील का सांग."

"ते तापात थरथरत होते ना," आई म्हणाली, "तर मला म्हणाले, पोरीला सांगू नकोस कुठे दुखतंय ते. म्हटलं, अहो, ती औषधांतली आहे. तर म्हणाले, तिचं काम वेगळं, तिला कशाला त्रास. दुकानात सगळ्यांना सांगायचे, माझी मुलगी गळ्याच्या ग्रंथीवर औषध शोधते. तू म्हणाली होतीस ना एकदा, कुठल्याशा ग्रंथीपर्यंत औषध पोचतं का ते बघते म्हणून. त्यांना गळ्याचीच ठाऊक. गिऱ्हाइकाचा गळा बसला तरी तुझी आठवण काढायचे."

मी ते एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. दुकान अजून चालू असताना, दारात उभी राहून. एका गिऱ्हाइकाचा पाय मोजत खाली वाकून ते सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात इतका तोरा होता, की मला हसू आलं. मी आत जाऊन दुरुस्त केलं नाही. गळ्याची असली तर बरंच, असं मला वाटलं होतं. गळ्याबद्दल बापाशी बोलता येतं.

"मी दोन गोळ्या विसरले," आई भांड्याशी बोलल्यासारखी म्हणाली. "मी त्यांची बायको. मीच विसरले. मी आता काय तोंडाने जेवू?"

मी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि खाली जमिनीवर बसले, तिच्या पायांपाशी, कारण उभी राहून मला ते जमलं नसतं.

"आई, त्या दोन घेतल्या असत्या तरी काही झालं नसतं. चौदाच्या चौदा घेतल्या असत्या तरी नाही. ते औषध तिथे पोचतच नाही. मी आत्ता डॉक्टरांसमोर हो म्हटलं, ते खोटं होतं."

"कुठे पोचत नाही?"

"बाबांना जिथे झालं होतं तिथे. प्रोस्टेटमध्ये. गळ्यावर नाही गं, मी त्याच ग्रंथीवर काम करते, सहा वर्षं. हेच औषध मी उंदरांना देते, आणि ते पोचत नाही असं दर वेळी लिहून ठेवते. मागच्या आठवड्यातही लिहिलं."

मी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर थांबले असते.

"आणि मला माहीत होतं. त्या रविवारी मी पाकीट वाचलं. आधीची दोन रिकामी डब्यात होती, तीही पाहिली. त्यांना उठताना टेबल धरावं लागलं, तेही पाहिलं. मला तेव्हाच कळलं होतं, आई, की त्यांना दुसरं औषध हवंय. फक्त एवढंच सांगायचं होतं, की बाबा, हे बदलून घ्या. पण ते बोलायचं तर कुठे दुखतंय ते बोलावं लागलं असतं. ते दारातून आत आले, आणि मला त्यांची लाज वाटली. म्हणून मी बोलले नाही. तू नाही विसरलीस. मला आठवत होतं आणि मी बोलले नाही."